खिडकीतला उजेड, चेहऱ्यावरची सावली

घरातले वडीलधारे माणूस जाते आणि दोन-तीन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येते, की भिंतीवर लावण्याजोगा त्यांचा एकही फोटो घरात नाही. मग कपाटावरचे अल्बम खाली उतरतात. पुतण्याच्या लग्नातला ग्रुप फोटो निघतो. त्यात आजी तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. बँकेच्या खात्यासाठी काढलेला पासपोर्ट फोटो निघतो. त्यात डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. मोबाइलमध्ये पाहावे तर वाढदिवसाचे चाळीस फोटो, पण प्रत्येकात आजी केकच्या मागे, ट्यूबलाइटखाली, फ्लॅशने डोळे दिपलेली. शेवटी त्यातल्याच एका फोटोतून डोके तेवढे कापून मोठे केले जाते. स्टुडिओवाला मागे आकाशी रंग भरतो, गालावरच्या सुरकुत्या पुसून टाकतो, आणि हार घातलेल्या चौकटीतून कुणी तरी वेगळीच बाई घरातल्यांकडे पाहू लागते.

ही वेळ टाळणे अवघड नाही. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही की स्टुडिओतले दिवे लागत नाहीत. घरातली एक खिडकी, एक खुर्ची, एखादी जुनी घोंगडी आणि सकाळचा अर्धा तास एवढ्या सामग्रीवर असा फोटो निघू शकतो, की पाहणारा क्षणभर त्याच्यापुढे थांबेल. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, मागे काळोख आणि डोळ्यांत खिडकीचा लहानसा चमकता ठिपका. हा परिणाम केवळ नामवंत छायाचित्रकारांच्या प्रदर्शनातच पाहावा असे नाही. तो माजघरातही साधतो. फक्त उजेडाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहायला हवे.

सावलीची भीती

‘फोटो काळा आला’ ही आपल्याकडची फार जुनी तक्रार. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सारखा उजळ दिसला पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा. म्हणून स्टुडिओवाला दोन्ही बाजूंनी दिवे लावतो. आता तेच काम मोबाइल आपणहून करतो. सावली दिसली की ती उजळतो, कातडी गुळगुळीत करतो. फोटो स्वच्छ येतो, पण सपाट येतो. सावळ्या वर्णाचा तजेला तर त्यात पार हरवून जातो.

चेहऱ्याचा आकार डोळ्यांना कळतो तो सावलीमुळे. नाकाचा उंचवटा, डोळ्यांची खोबण, गालाचे हाड, हनुवटीखालची खोली हे सारे उजेड एका बाजूने आला तरच उठून दिसते. देवळाच्या गाभाऱ्यात एका बाजूला समई तेवत असताना मूर्तीचा चेहरा जसा जिवंत वाटतो, तसा तो समोरून ट्यूबलाइट पेटवल्यावर वाटत नाही. मूर्ती तीच असते. तिच्यावरची सावली मात्र नाहीशी झालेली असते.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र अनेकांनी कॅलेंडरवर का होईना पाहिलेले असते. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा देणारी तरुणी. १९४५-४६ च्या सुमाराचे हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बरेच जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. त्या चित्राचा मोठा भाग काळोखातच आहे आणि म्हणूनच बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड नजरेत भरतो. चित्रासाठी उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. घरातलेच माणूस, एकच ज्योत आणि भोवतीचा काळोख राखण्याचे धैर्य, एवढ्यावर ते चित्र उभे राहिले. छायाचित्रात समईची जागा खिडकी घेते.

खिडकीतच जन्मलेली कला

छायाचित्रणाचा आणि खिडकीचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नीसेफोर न्येप्स याने निसर्गातल्या दृश्याचे जे सर्वांत जुने छायाचित्र टिपले, ते त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ मध्ये कागदावर घेतलेली आणि आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह आहे, तीही त्याच्या घरातल्या जाळीदार खिडकीचीच.

विजेचे दिवे येण्यापूर्वीचे सगळे स्टुडिओ दिवसाच्या उजेडावरच चालत. उजेड आत यावा म्हणून छताला आणि भिंतीला मोठमोठी काचेची तावदाने असत आणि नको तेवढा उजेड अडवण्यासाठी पडदे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळच्या या मंडळींना उजेडाचा एकच कारखाना माहीत होता, तो म्हणजे आकाश.

खिडकीच्या उजेडातून चेहऱ्याचे नाट्य कसे उभे करावे, याचा धडा ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी घालून दिला. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्याचा. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. त्याआधी त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय किंवा रीतसर अभ्यास केलेला नव्हता. त्यांनी घरामागची कोळशाची खोली निगेटिव्ह धुण्यासाठी घेतली आणि कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. काचांवर पडदे ओढून त्या उजेड एकाच बाजूने येऊ देत. शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे १८६७ मधले त्यांनी काढलेले छायाचित्र आजही नावाजले जाते: विखुरलेले पांढरे केस, थकलेले पण जागे डोळे आणि मागे गडद काळोख. मोठमोठ्या माणसांबरोबर त्यांनी घरातल्या मोलकरणीलाही तितक्याच आदराने त्या काचघरात बसवले. वयाची पन्नाशी जवळ आलेली गृहिणी आणि एक खुराडे यांतून हे घडले, ही गोष्ट ‘आता या वयात कुठे शिकणार’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोणती खिडकी, कोणती वेळ

खिडकीचा उजेड मऊ का असतो? ऊन थेट पडते तेव्हा सूर्य हा आकाशातला एक लहानसा ठिपका असतो. त्यामुळे सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या उमटतात, नाकाची काळी रेघ ओठांवर पडते आणि माणूस डोळे बारीक करतो. तेच ऊन खिडकीत न पडता बाहेर असेल, तर आकाशाचा आणि समोरच्या भिंतीचा उजेड तावदानातून आत येतो. तीन फुटांवर बसलेल्या माणसाच्या मानाने चार फुटांची खिडकी हा मोठा दिवा झाला. दिवा जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. उजेडातून काळोखात जाणारा गाल मग हळूहळू विझत जातो. हीच या फोटोंची खरी जादू.

म्हणून खिडकी निवडताना पहिला नियम एवढाच, की फोटोच्या वेळी तिच्यातून थेट ऊन येत नसावे. पूर्वेची खिडकी दुपारी चांगली, पश्चिमेची सकाळी. उत्तरेची खिडकी चित्रकारांची आवडती, कारण हिवाळ्यात तिच्यात ऊन येतच नाही. मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिच्यातूनही तिरपी किरणे आत येतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर मुंबईत भरदुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो. उन्हाची खिडकी सोडून दुसरी सोयच नसेल, तर तिच्यावर पातळ पांढरा पडदा किंवा विरळ विणीचे धोतर लावावे. पावसाळी, ढगाळ दिवस वाया गेला असे समजू नये. त्या दिवशी आकाशानेच पडदा लावलेला असतो.

घरातली योग्य जागा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. घरातले वृद्ध माणूस सुईत दोरा ओवायला, तांदूळ निवडायला किंवा पोथी वाचायला कुठे बसते, ते पाहावे. नजर अधू झाली की माणूस उजेडाची पारख आपोआप शिकते. आजीने पाट जिथे टाकला असेल, बहुतेक वेळा तीच फोटोची जागा असते.

नारळावर सराव

घरातल्या मंडळींना ताटकळत बसवून प्रयोग करण्यापेक्षा आदल्या दिवशी एका नारळावर सराव करावा. शेंडी पाठीमागे करून नारळ स्टुलावर ठेवावा आणि खिडकीजवळ, खिडकीपासून दूर, खिडकीसमोर, खिडकीच्या बाजूला असा हलवत त्याच्यावरची सावली पाहावी. पाहताना डोळे किलकिले करावेत. आपली नजर फार समजूतदार असते. अंधाऱ्या कोपऱ्यातलेही तिला दिसते, त्यामुळे सावली किती गडद आहे हे ती लपवते. कॅमेरा इतका समजूतदार नसतो. डोळे किलकिले केले, की खोली थोडीफार कॅमेऱ्याला दिसते तशी दिसू लागते.

नारळ खिडकीसमोर ठेवून खिडकीकडे पाठ करून पाहिले, तर तो थाळीसारखा सपाट दिसेल. खिडकी एका बाजूला आली, की तो गोल होईल. माणसाच्या चेहऱ्याचेही तेच होते.

खुर्ची कुठे, कॅमेरा कुठे

आता प्रत्यक्ष मांडणी. खोलीतले सगळे दिवे प्रथम बंद करावेत, ट्यूबलाइट आणि देवघरातला रंगीत बल्बसुद्धा. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि दिव्याचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र आले की अर्धा गाल निळसर आणि अर्धा पिवळट येतो. दुसरी खिडकी असेल तर ती लावून घ्यावी, समोरचे दार लोटावे. नाट्यमय फोटोत उजेड वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. एकच वाट मोकळी ठेवून बाकीच्या बंद करणे, हे अर्धे काम.

खुर्ची खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवावी. अगदी खेटून बसवले तर एक गाल पांढराफटक आणि दुसरा नाहीसा होतो. खोलीच्या आत फार दूर बसवले तर उजेड मिळमिळीत होतो. मागची भिंत खुर्चीपासून आणि खिडकीपासूनही जितकी लांब, तितकी बरी. एखाद्या लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की उजेड एक-चतुर्थांश उरतो. खिडकी मोठी असल्याने तिच्या अगदी जवळ हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण खोलीत आत जावे तसा उजेड झपाट्याने ओसरतो हे खरे. म्हणून तीन फुटांवरचा चेहरा नीट उमटतो तेव्हा दहा फुटांवरची भिंत आपोआप काळोखात बुडते. कॅलेंडर, फ्रिज, हँगरवरचे कपडे यांना फोटोतून घालवण्याचा हा बिनखर्ची उपाय.

बसणाऱ्याच्या एका बाजूला खिडकी आणि समोर कॅमेरा, अशी रचना करावी. मग त्याला चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगावे आणि नाक खिडकी व कॅमेरा यांच्या मधोमध रोखले गेले, की थांबवावे. कॅमेऱ्याला आता चेहऱ्याची सावलीतली बाजू अधिक दिसते. त्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण उमटतो का ते पाहावे. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याच्या चित्रांत हा त्रिकोण वारंवार दिसतो, म्हणून छायाचित्रकार या प्रकाशयोजनेला त्याचेच नाव देतात. त्रिकोण नाहीसा झाला तर चेहरा किंचित खिडकीकडे वळवावा. फार पसरला तर किंचित आत.

त्रिकोण नीट उमटण्यासाठी उजेड डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वरून यावा लागतो. इथे जुन्या वाड्यांची चार झडपांची खिडकी फार उपयोगी पडते: खालची दोन झडपे लावावीत, वरची दोन उघडी ठेवावीत. फ्लॅटमधल्या सरकत्या काचांच्या खिडकीला खालच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा किंवा दुहेरी घडीची चादर लावली, की तोच परिणाम मिळतो. खालून येणारा उजेड हनुवटी आणि नाकपुड्या उजळतो आणि चेहरा भेसूर करतो. तो अडवणे फायद्याचेच.

आता डोळे. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांत, निदान एका तरी, खिडकीचा चमकता ठिपका दिसलाच पाहिजे. तो नसेल तर बाकी सारे जमूनही फोटो निर्जीव वाटतो. मान खाली असेल तर हनुवटी बोटभर वर घ्यायला सांगावी. चष्म्यावर खिडकी चमकत असेल, तर चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित वर उचलून ठेवाव्यात. काचा खाली झुकतात आणि चमक जाते. चष्मा काढून ठेवू नये. चाळीस वर्षे चष्म्यातून पाहणाऱ्या आजोबांचा बिनचष्म्याचा फोटो नातवंडांना ओळखूच येणार नाही.

चादर आणि घोंगडी

सावलीची बाजू फारच गडद झाली, तर तिच्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरी चादर, थर्माकोलचा तक्ता किंवा उघडलेले वर्तमानपत्र धरावे. खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून परत फिरतो आणि सावलीतले तपशील हळुवारपणे दिसू लागतात. कापडावरून उजेड परतवण्याची ही साधी कल्पना थोरामोठ्यांनीही वापरली आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचा अंगणासकट सेट कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला होता. अंगणात वरून उतरणारा आकाशाचा मऊ उजेड आणण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत थेट न टाकता त्या कापडावरून परतवला.

पण आपल्या घरांतली अडचण बहुधा उलटी असते. खोल्या लहान, भिंती पांढऱ्या किंवा फिक्या, त्यामुळे खिडकीतून आलेला उजेड चारही बाजूंनी परत फिरतो आणि सावली धुऊन काढतो. अशा वेळी चादरीऐवजी घोंगडी उपयोगी पडते. सावलीच्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर काळी घोंगडी, काळी छत्री किंवा गडद साडी टांगावी. भिंतीवरून परतणारा उजेड ती गिळून टाकते आणि गालावरची सावली पुन्हा गडद होते. दुसरी घोंगडी पाठीमागे टांगली, की पार्श्वभूमीही तयार.

कपडे गडद आणि साधे असावेत. पांढरेशुभ्र धोतर किंवा चमकती जर चेहऱ्याच्या आधी नजर ओढून घेते. पण रोजची साडी सोडून आजीला भलतेच काही नेसायला लावू नये. फिकी साडीच तिची ओळख असेल, तर खांद्यावर शाल द्यावी.

कॅमेऱ्याला काय सांगावे

कॅमेरा आपल्या हिशेबाने चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. चौकटीत काळोख जास्त दिसला, की त्याला वाटते उजेड कमी पडला. तो फोटो उजळतो, चेहरा पांढरा पडतो आणि घोंगडी राखाडी दिसते. म्हणून त्याला थोडे दटावावे लागते. मोबाइलवर उजेडातल्या गालावर बोट टेकवावे आणि शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढावे. गालावरच्या सुरकुत्या आणि कातडीचा पोत स्पष्ट दिसू लागला, की थांबावे. मागचे काळे झाले तर होऊ द्यावे. फ्लॅश बंद ठेवावा, चेहरा गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. आपणहून सावली उजळणारी एचडीआरची सोय बंद करता येत असेल, तर तीही करावी.

मोठा कॅमेरा असेल तर आयएसओ ४००, छिद्र एफ/४ आणि वेग १/६० सेकंद इथून सुरुवात करून पाहावी आणि चित्र पाहून कमीजास्त करावे. कॅमेरा स्वतः हिशेब करत असेल, तर त्याला एक ते दीड स्टॉप कमी उजेड घ्यायला सांगावे. नेम कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर धरावा.

मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नये. दीड फुटावरून नाक मोठे आणि कान लहान येतात. चार-पाच फुटांवर उभे राहून दुपटीची भिंग वापरावी. कमी उजेडात हात हलला तर फोटो पुसट येतो, म्हणून कोपर टेबलावर टेकवावेत किंवा मोबाइल डब्यांच्या उतरंडीला टेकवून ठेवावा. रंगांचा गोंधळ वाटला, तर नंतर फोटो कृष्णधवल करून पाहावा. अशा उजेडाला तो फार शोभतो.

‘आता कसला फोटो?’

खरी अडचण खिडकीची नसते, की कॅमेऱ्याची. ती असते खुर्चीत बसायला तयार नसलेल्या माणसाची. ‘अरे, मला म्हातारीला कशाला? पोरांचे काढ,’ असे आजी म्हणतेच. काही घरांत फोटो काढल्याने आयुष्य घटते असा जुना समज असतो. काहींना पडलेले दात, थरथरणारे हात यांचा संकोच वाटतो. अशा वेळी हट्ट करू नये आणि चोरूनही फोटो काढू नयेत. नातवाने खिडकीपाशी शेजारी बसावे, हातात सुपारीचा अडकित्ता, जपमाळ किंवा तांदळाचे सूप द्यावे आणि लग्नातली, शाळेतली, माहेरच्या विहिरीची गोष्ट काढावी. ‘हसा’ म्हणून सांगू नये. बोलता बोलता माणूस थांबते, खिडकीबाहेर पाहते आणि काही तरी आठवते. त्या क्षणी बटण दाबावे. पाच-दहा फोटो झाले की थांबून त्यांना पडद्यावर दाखवावेत. आपला चेहरा असाही दिसतो, हे अनेकांना पहिल्यांदाच कळते. मग पदर सारखा करून आजीच म्हणते, ‘आता एक नीट काढ.’

हातांचाही एक फोटो जरूर घ्यावा. खिडकीच्या तिरप्या उजेडात हातावरच्या शिरा, बांगड्यांचे वळ, बोटांवरच्या भाजल्याच्या जुन्या खुणा जशा दिसतात, तशा एरवी कधीच दिसत नाहीत.

सुरकुत्या पुसू नयेत. त्या पुसायच्या असतील तर खिडकीशी बसवण्याचा खटाटोपच कशाला?

कागदावर उतरवा

मोबाइल हरवतात, बिघडतात, बदलले जातात. त्यांच्याबरोबर हजारो फोटो निघून जातात. म्हणून निवडलेल्या एका फोटोची आठ बाय दहा इंचांची प्रत छापून घ्यावी. छापणाऱ्याला ‘उजळ करू नका’ हे आवर्जून सांगावे, नाही तर तो सवयीने सावली पुसून टाकेल. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. पन्नास वर्षांनी तो फोटो हातात घेणाऱ्याला ‘ही कोण?’ असे विचारायला घरात कुणी उरलेले नसेल.

भिंतीवर एकट्या माणसाची तसबीर लागली, की ती गेलेल्याचीच असणार, असा आपल्याकडे समज. तो मोडायला हरकत नाही. चौकटीला हार नसावा आणि समोरच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या फोटोकडे पाहत, ‘एवढी काही मी म्हातारी दिसत नाही हो’ असे म्हणायला आजी असावी. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी खिडकीची खालची झडपे लावून घ्यावीत.

थोडक्यात

• थेट ऊन न येणारी एकच खिडकी उघडी ठेवावी. बाकी खिडक्या, दारे, दिवे आणि फ्लॅश बंद.

• खुर्ची खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर, मागची भिंत लांब.

• खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकावा.

• नाक खिडकी आणि कॅमेरा यांच्या मधोमध रोखलेले असावे. सावलीतल्या गालावर उजेडाचा त्रिकोण दिसावा.

• डोळ्यांत खिडकीचा ठिपका हवाच.

• सावली फार गडद झाली तर पांढरी चादर, फार फिकी झाली तर काळी घोंगडी.

• नेम उजेडातल्या गालावर धरून फोटो थोडा गडदच घ्यावा.

• एक प्रत छापावी. मागे नाव, गाव, तारीख लिहावी.